स्थानिक मच्छीमार

रविवारी सकाळी अकरा वाजता लागणारा ‘निघाली जोडी’ हा कार्यक्रम नमिताला पहिल्या भागापासून आवडला नव्हता, आणि तिने त्याचे दहाच्या दहा भाग पाहिले होते.

कार्यक्रम असा. आठ जोड्या. कुणी नवरा-बायको, कुणी बहिणी-बहिणी, एक सासू-सून. त्यांना एका गावात सोडायचं आणि दुसऱ्या गावाला पोचायला सांगायचं. स्वतःची गाडी नाही, खिशात मोजकंच भाडं, आणि वाटेत एखादं काम करायचं. कुठे नारळ सोला, कुठे बैलगाडी हाका. दर दोन भागांनी मागे पडलेली जोडी घरी जायची. जाताना ती रडायची, मागे सनई वाजायची, आणि काळा चष्मा लावलेला सूत्रधार बरोबर जाहिरातीच्या तोंडावर विचारायचा, “पुढे काय होणार?”

“पुढे जाहिरात होणार,” नमिता म्हणायची.

रोह्याच्या वाचनालयात ती पंधरा वर्षं पुस्तकं देत-घेत होती. रचलेली गोष्ट तिला लांबून ओळखू यायची. हे लोक वाट चुकून रानात एकटे पडलेत म्हणे. मग समोरून चित्र कोण घेतंय? तो कॅमेरावाला पुढे पळतोय, म्हणजे त्याला वाट माहीत आहे. त्याला का विचारत नाहीत? बारा-पंधरा माणसं जीपमध्ये डबे खात बसलेली असणार आणि पडद्यावरची बाई म्हणतेय, आम्ही सकाळपासून पाण्यावर आहोत. या गोष्टीचा तिला इतका राग यायचा की चहा निवून जायचा.

तिच्या वडिलांचा, रघूबाबांचा राग वेगळा होता. “हे रस्ता इचारतात कोनाला बघ. पानाच्या टपरीवर. टपरीवाल्याला ठाव नसलं तरी तो सांगनारच. म्हातारीला इचारा की! म्हातारी बाजारला चालत गेलेली असते.” आणि कुणी रडायला लागलं की, “रडते कशाला? गाडीत बसायला मिळालंय की तिला.”

हे बघायला दर रविवारी नमिता रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून, सासरहून, सकाळच्या गाडीने पेणला यायची आणि खाडीकाठच्या माहेरी बाबांशेजारी सतरंजीवर बसून दोघं मिळून चिडायची. कारण बाराव्या भागात बाबा होते.

बाबांची सगळी उमर खाडीच्या बांधावर गेली. आधी मिठागरात, मग तीस वर्षं उघाडीवर. उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीला ती बंद करायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. ओहोटीला उघडायची, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. बाबांनी त्यासाठी घड्याळ कधी लावलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढं एक गणित त्यांना पुरलं. फेब्रुवारीत ‘निघाली जोडी’वाले खाडी ओलांडायचा खेळ घ्यायला आले, तेव्हा पाणी कधी उतरेल हे सांगणारा माणूस म्हणून कुणीतरी बाबांकडे बोट दाखवलं. दोन दिवस ते त्यांच्यासोबत बांधावर होते. सूत्रधाराने एकच प्रश्न सात वेळा विचारला आणि बाबांनी सात वेळा उत्तर दिलं.

“पानी येकदाच उतरतं,” ते घरी येऊन म्हणाले, “त्यांना सात येळा पायजे.”

कार्यक्रमवाल्यांनी त्यांना एक पिवळी टोपी दिली, आणि सप्टेंबरात छापील पत्र आलं की आपला सहभाग असलेला बारावा भाग अमुक तारखेला दिसेल. बाबांनी ते पत्र टीव्हीवर उभं करून ठेवलं. त्या दिवशी नमिताने तिचा व्हीसीआर पिशवीत घालून आणायचा आणि भाग टेप करायचा, हे ठरलं होतं. बाबांची हलती-बोलती आठवण म्हणावी असं घरात दुसरं काही नव्हतं. फोटो होते तीन. त्यातल्या दोनांत त्यांनी श्वास रोखलेला होता.

बारावा भाग नऊ दिवसांवर असताना, शुक्रवारी पहाटे, बाबा गेले. छातीत कळ आली आणि रिक्षा नाक्यापर्यंत पोचायच्या आत गेले.

त्याच दिवशी हौसाआत्याने टीव्हीचं बटण भिंतीतून बंद केलं आणि वर चादर टाकली. तेरा दिवस टीव्ही नाही. पाड्यातली सगळी घरं भावकीची, त्यामुळे सगळ्या पाड्यातले टीव्ही गप्प झाले. चादरीखाली ते पत्रही गेलं.

“आत्या, रविवारी बाबा दिसणार आहेत त्याच्यावर,” नमिता चौथ्या दिवशी म्हणाली.

“दहाव्याच्या दिवशी?” हौसाआत्याने डोळे पुसता पुसता हात थांबवला. “मानूस जाऊन धा दिस नाय झालं आनि आपन बसून त्याला टीव्हीवर बघायचं? लोक काय म्हनतील, गो?”

“लोक पण बघतीलच ना.”

“त्यांना सुतक नाय.” मग जराशाने, समजूत घातल्यासारखं, “तुलाबी नाय आता. लेकीला तीन दिसाचं. तुजं फिटलं कालच. तू तुज्या घरी जाऊन बघ ना.”

आत्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण नमिताला ते लागलं. भाऊ हरेशला तेरा, दूरच्या चुलत्यांना, ज्यांनी बाबांना वर्षभरात धड विचारलं नव्हतं त्यांना, तेरा. तिला तीन. लग्न करून अष्टमीला गेली म्हणून ती सोमवारपासून कामाला लागायला मोकळी. ती उठून तांदूळ निवडायला बसली.

आई, सगुणाबाई, कोपऱ्यात होती. ती हळूच म्हणाली, “मग मला कवा दिसतील ते?”

कार्यक्रम पुन्हा दाखवत नाहीत, हे आईला माहीत होतं. म्हणूनच तिने विचारलं होतं.

“तेराव्यानंतर दाखवते,” नमिता म्हणाली. “मी टेप करून आणते.”

हे म्हणायला सोपं होतं. पेणमध्ये टीव्ही शंभर, पण ओळखीत व्हीसीआर एकच, तो अष्टमीला तिच्या घरी. नवरा प्रणित चार दिवस रजा काढून बसला होता. रविवारी कंपनीत पहिली शिफ्ट, बदली कुणी घेईना. त्या व्हीसीआरला म्हणे वेळ लावून ठेवता येते. पण त्यासाठी त्याचं घड्याळ बरोबर पाहिजे, आणि ते आणल्या दिवसापासून बारावर लुकलुकत होतं. शेजारच्या चंद्रावतीवहिनींना सांगावं, तर त्या रिमोटला हात लावायच्या आधी पदराला पुसायच्या आणि मग लावायच्याच नाहीत. म्हणजे नमितानेच जायला हवं. दहाव्याचं सकाळी सातला, आठपर्यंत उरकेल, साडेनऊची गाडी, पावणेअकराला घरात. शनिवारी पेणच्या बाजारातून तिने कोरी कॅसेट आणून पर्समध्ये टाकली.

आठला काही उरकलं नाही. बांधावर पिंड मांडून सगळे मागे सरले आणि कावळा येईना. कावळे होते. समोरच्या बांधावर पाच बसलेले दिसत होते. पण भाताकडे कुणी फिरकत नव्हतं.

“दादाचं मन कशात तरी अडकलंय,” हौसाआत्या म्हणाली, आणि वचनं सुरू झाली. हरेश हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे बसलेलेच. विठूकाका म्हणाले, उघाडीकडे मी बघेन, काळजी करू नको. नाही. कुणीतरी पिंडाशेजारी विडी ठेवली. एका चुलत्याने ओटा बांधून देण्याचं कबूल केलं. ओटा कुणाच्या घराचा हे त्यालाही सांगता आलं नसतं. नऊ वाजले.

नमिताचा कावळ्यावर विश्वास नव्हता. तरीही ती दोन पावलं पुढे झाली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “बाबा, मी टेप करते. आता सोडा मला.”

पाचांतला एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास धरला. तो उलट्या दिशेला, कोळंबीच्या तळ्याकडे गेला.

सव्वानऊला भटजींनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि म्हणाले, “झालं.” इतका वेळ का थांबलो, असं नमिताला विचारावंसं वाटलं. घरी जाऊन आंघोळ, त्याशिवाय आत्या सोडेना. ओल्या केसांनी ती पाड्यातून निघाली तेव्हा साडेनऊची गाडी केव्हाच पेण सोडून गेली होती.

स्टँडवर रोह्याची बस उभी होती. खिडकीची जागा मिळाली. नमिताने घड्याळ बघितलं: दहाला पाच कमी. अजूनही जमेल. सुरुवातीची पंधरा मिनिटं तर सूत्रधार मागच्या भागात काय झालं हेच सांगतो.

वडखळला रस्ता तुंबला होता. रविवार, मुंबईच्या गाड्या अलिबागकडे वळत होत्या, गोव्याकडच्या सरळ जात होत्या, आणि मधे एक ट्रक आडवा राहून दोन्हीकडच्यांना शिव्या देत होता. बस वीस मिनिटं होती तिथेच. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ते बंद झाल्याची शांतता नमिताला सहन झाली नाही. ती उतरली.

पानाच्या टपरीवर एक माणूस उभा होता. “नागोठण्याला लवकर काय मिळेल?” तिने विचारलं.

त्याने तोंडातलं पान एका गालात सारून पुढे बोट केलं. “त्या जीपा. आत्ता सुटतायत.”

नाक्यापलीकडे जीप उभी होती. आत सात माणसं. ती आठवी.

“आत्ता सुटतेय ना?”

“आत्ताच,” ड्रायव्हर बाहेर उभा राहून म्हणाला. “आनखी तीन शीट आली का.”

ती तीन शीट यायच्या आधी ट्रक सरळ झाला, रस्ता मोकळा झाला, आणि नमिताची बस, तिची खिडकीची जागा रिकामी घेऊन, जीपच्या अंगावरून घरंगळत निघून गेली. कंडक्टरने तिच्याकडे बघितलंसुद्धा.

चौथ्या भागात दोन बहिणींनी नेमकं हेच केलं होतं. हातातली बस सोडली, टपरीवर विचारलं, आणि जीपमध्ये बसून राहिल्या. तेव्हा नमिता पंधरा मिनिटं बोलत होती. मिळालेली गाडी कुणी सोडतं का? अक्कल आहे का? यांना निवडतं कोण? बाबा हसून म्हणाले होते, “अगो, त्यांना घाई झालेय. घाईत मानूस टपरीवरच इचारतो.”

शेजारी टोपलीत वालाची मोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. ती इतका वेळ नमिताचे केस बघत होती.

“भिजलीस कशानं, गो? पाऊस तर नाय.”

“आंघोळ करून निघाले.”

“कुटं?”

“रोह्याला. अष्टमीला. टीव्ही बघायला.”

म्हातारीने नीट ऐकू आलं का याची खात्री करावी तसं तिच्याकडे बघितलं. “टीव्ही बघाया पेनवरनं रोह्याला? पेनात टीव्ही नाय?”

“घरात सुतक आहे.”

“कोन?”

“वडील.”

“मंग तू टीव्ही कशी बघतेस?”

“मला तीनच दिवसांचं.”

“व्हय,” म्हातारी म्हणाली. “लेकीचं तीनच.” तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. “माज्या बापाला जाऊन चाळीस वर्सं झाली. तीनच होतं मलाबी.” आणि मान बाहेर काढून ड्रायव्हरवर ओरडली, “ए बाबा, हान आता! हिचा बाप मेलाय आनि तू शीटा मोजतोस?”

जीप सुटली. कासूचा फाटा गेला. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, कापायला आलेलं. म्हातारी कासूच्या पुढे उतरली आणि उतरताना म्हणाली, “नागोठन्याला जीप बदलू नको, रिक्षाच कर. जीपवाला तिथं च्या पितो.” नमिताने रिक्षाच केली. अष्टमीला दारात उतरली तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. कुलूप उघडताना किल्ली दोनदा उलटी गेली.

टीव्ही लावला. साबणाची जाहिरात. नमिताने पर्समधून कॅसेट काढली, तिचं प्लास्टिक दाताने फाडलं, व्हीसीआरमध्ये घातली. लाल ठिपका लागला. मग ती उभीच राहिली. काय निघून गेलं आणि काय राहिलंय, हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

जाहिरात संपली. पडद्यावर खाडी होती.

उरलेल्या तीन जोड्या बांधावर उभ्या होत्या. सूत्रधार म्हणत होता, “समोर आहे मृत्यूचा सापळा!” समोर तिच्या बाबांची उघाडी होती, जिथे ती लहानपणी खेकडे बघत बसायची. सनई नव्हती, ढोल होता. मग कॅमेरा वळला आणि बाबा दिसले. पिवळी टोपी नाही. बहुतेक काढायला लावली असावी. हाफ पँट, चौकटीचा शर्ट, कमरेवर हात. आणि खाली, पांढऱ्या अक्षरांत: स्थानिक मच्छीमार.

नमिताच्या तोंडून आवाज निघाला.

मच्छीमार! या माणसाने आयुष्यात गळ टाकला नव्हता. त्याला मासळीचा काटा काढता यायचा नाही, आई काढून द्यायची. तीस वर्षं ज्याने शंभर एकरांत खारं पाणी शिरू दिलं नाही, त्याला नावसुद्धा नाही. दोन दिवस बांधावर उभं करून घेतलं, सात वेळा बोलायला लावलं, पत्र पाठवलं, पत्रावर नाव नीट छापलं, आणि इथे? एवढं विचारायला काय लागत होतं?

ते ओठ हलवत होते. आवाज सूत्रधाराचा होता. “हा अनुभवी मच्छीमार इशारा देतोय…” बाबा बोलत होते आणि ऐकू येत होता तो. नमिताने आवाज वाढवला. सूत्रधार मोठा झाला.

मग जोड्या चिखलात उतरल्या, बूट घालून. पहिल्या तीन पावलांतच सासू-सुनेतली सून गुडघ्यापर्यंत रुतली आणि किंचाळली. इथे कुणाला तरी सूत्रधाराचा आवाज नकोसा झाला असावा, कारण तो थांबला, आणि मागून, लांबून, बाबांचा आवाज आला. खरा. वैतागलेला.

“बूट काढा म्हनलं ना आधी! कितींदा सांगू?”

सून रडत होती. बाबा चपला बांधावर सोडून खाली आले, पाय न उचलता, चिखल कापत, त्यांच्या नेहमीच्या चालीने. तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पोतं काढावं तशी तिला काढली. बूट आतच राहिले. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “खाडीला लागतील.” आणि वर वळताना ते अचानक थेट पडद्यातून बाहेर बघायला लागले. नमिताकडे. नाही, तिच्याकडे नाही; त्या माणसाकडे, जो अकरा भाग सगळ्यांच्या पुढे पळत होता आणि ज्याचं अस्तित्व कुणी कबूल केलं नव्हतं.

“आनि तू रे?” बाबा त्याला म्हणाले. “तू कशाला बूट घालून उबा? तू पन काढ.”

चित्र हललं. आभाळ दिसलं, मग चिखल. कॅमेरावाला खरंच बूट काढत असावा.

मग पुन्हा जाहिरात.

नमिता जमिनीवर बसली. हसत होती. मग हसत नव्हती. दहा दिवसांत घरात एवढे लोक होते की तिला हे करायला जागाच मिळाली नव्हती. बाराला कार्यक्रम संपला आणि दुसरा लागला, तरी लाल ठिपका तसाच होता.

संध्याकाळी तिने कार्यक्रमवाल्यांना पत्र लिहायला घेतलं. महोदय, आपल्या बाराव्या भागात. मच्छीमार आणि उघाडीवरचा माणूस यांतला फरक, तिथीची पाऊणपट, सनई, ढोल, मृत्यूचा सापळा, सगळं चार पानं. सोमवारी त्यात आणखी दोन पानं घातली. खोटं लिहिण्याची गरज काय होती, हे वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं.

बुधवारी तेरावं झालं. दुपारी पानं उठली तेव्हा प्रणितने व्हीसीआर पिशवीतून काढला, हौसाआत्याने स्वतःच्या हाताने चादर ओढली, आणि खाली उभं असलेलं छापील पत्र पडलं ते उचलून कपाळाला लावलं. सगळा पाडा ओटीवर आणि ओटीबाहेर.

बाबा दिसताच सगळे एकदम बोलायला लागले.

“अरे, दादा!”

“शर्ट बघ, शर्ट. मी निळा काढून ठेवला व्हता,” आई म्हणाली.

“कसं उबं ऱ्हायलंय बघा, साहेबावानी—”

“आत्या, जरा गप्प बसाल का? ऐकू येत नाही!” नमिता टीव्हीच्या शेजारी उभी राहून म्हणाली. तोवर ‘तू पन काढ’ निघून गेलं होतं. तिने टेप मागे घेतली. पुन्हा गलका. पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी ऐकू आलं आणि सगळा पाडा हसला. विठूकाका डोळे पुसत म्हणाले, “हा सोताच्या बापालाबी बूट काढायला लावील.”

आई हसली नव्हती. ती पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ बसली होती. आईला वाचता येत नव्हतं. टेप पुन्हा पहिल्यापासून लागली तेव्हा तिने बोट उचलून बाबांच्या छातीखालच्या पांढऱ्या अक्षरांवर ठेवलं.

“हे काय लिवलंय?”

नमिताच्या पर्समध्ये सहा पानी पत्र होतं, तिकीट लावलेलं.

“त्यांचं नाव,” ती म्हणाली. “रघुनाथ. आणि पुढे, उघाडीवाले.”

हरेशने पडद्यावरची अक्षरं वाचली, मग तिच्याकडे बघितलं.

“बराबर लिवलंय,” आई म्हणाली. तिने बोट काढलं नाही. “परत लाव.”